नग तयार नाही

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ वळली की वाफ. मावशी हे नाव वयानं आलेलं, वाफ हे तिनं स्वतःच्या कष्टानं कमावलेलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असे, आणि इस्त्रीपेक्षा बाईच जास्त फुसफुसते असं पुढच्या बाकावर थांबलेली गिऱ्हाइकं एकमेकांना हळूच सांगत. खिशात पेन राहिलं की ती तापे. डाग कशाचा आहे हे लपवलं की तापे. "उद्या सकाळी पाहिजेच" म्हणून डोकं खाणारा माणूस पुढे आठवडाभर फिरकला नाही, तर विचारूच नका. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. बोलणी खावीत पण शर्ट तिथेच टाकावा, असं तिचं काम होतं.

या सगळ्या रागाच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे घाई. घाई करणाऱ्या माणसाचा तिला मनापासून संताप येई. कपडा वरून कोरडा दिसतो, पण कॉलरच्या आत, खांद्याच्या शिवणीत, कमरेच्या पट्टीत ओल दडून राहते. हाताला ती कळत नाही. म्हणून प्रत्येक कपडा ती शेवटी गालाला लावून बघे, आणि जरा गार लागला की पुन्हा दांडीवर. तशीच घडी घातली तर दिसायला नवा कोरा दिसेल, पण पंधरा दिवसांनी कपाट उघडाल तेव्हा कुबट वास येईल, आणि तो वास मग काही केल्या जात नाही. 'दमट घडी' ही तिच्या तोंडची सगळ्यात वाईट शिवी होती. माणसांनाही ती तीच द्यायची.

पुढच्या काउंटरवर तिचा नवरा. उंच, जरासा वाकलेला, आवाज असा हळू की गिऱ्हाइकाला पुढे झुकावं लागे. त्याला सगळे टोकनमास्तर म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण तो कशालाच रागावत नसे. त्याच्या मागे लाकडी फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर नंबर ठोकलेली पितळी टोकनं. कपडा आला की एक टोकन गिऱ्हाइकाला, आणि त्याच नंबरची पट्टी कपड्याला. मागच्या खोलीत जे असेल ते व्हायचं. बायकोनं आणून पुढच्या दांडीवर लावलं की ते तयार. गिऱ्हाईक टोकन देणार, मास्तर नंबर जुळवणार, कपडा हातात ठेवणार, टोकन परत खिळ्यावर. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला आवडे. इतक्या वर्षांत एका माणसाचा मोजा दुसऱ्याकडे गेला नव्हता.

बाकी मात्र हा माणूस म्हणजे तिच्या जिवाला घोर होता. त्यानं कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या सलूनवाल्यानं बाक मागितला, बाक दिला; मग गिऱ्हाइकं उभी. हॉटेलवाल्यांनी ठरलेल्या दिवसाच्या आधी चादरी मागितल्या की "देतो, चालेल ना?" म्हणून हा मोकळा, आणि मागे हिचे हात भाजायचे. प्रत्येक वाक्याला त्याचं 'चालेल ना' शेपटासारखं लागलेलं. स्वतःच्या घरात साखरेचा डबा काढतानाही विचारायचा, "घेऊ का?" जेवायचा उभ्यानं, काउंटरच्या कडेला, डबा हातात धरून. ती शेकडो वेळा म्हणाली असेल, "अहो, स्टूल आहे, बसा की. घरचे आहात का भाडेकरू?" तो म्हणायचा, "असू दे, चालतंय." आणि उभाच.

त्यांची कुत्री घडी. ती निजायची तीच मुळी चार घड्या पडल्यासारखी, म्हणून नाव घडी. ती आली तेव्हा तिचे डोळे नुकते कुठे उघडले होते. कुणीतरी खोक्यात घालून लाँड्रीच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. त्या कुणीतरीला वाफेनं आजतागायत क्षमा केलेली नाही. घडी मोठी झाली ती चावरी. द्वाड नव्हती, पण खेळता खेळता असा कडाडून दात लावायची की रक्त निघावं, आणि समोरचा ओरडला की स्वतःच बावरून टेबलाखाली जायची. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "हिची काय चूक? पिल्लं भावंडांत खेळतात तेव्हाच चावायचं किती ते शिकतात. जोरात लागलं की दुसरं केकाटतं, खेळ मोडतं. मग ह्याला समजतं. हिला केकाटणारं कुणी भेटलंच नाही. आईपासून आठ आठवडे तरी पिल्लू तोडू नये, बाई." पुढे ते शिकवायला वाफेला दोन वर्षं लागली. नवऱ्याचा त्यात काडीचा उपयोग झाला नाही. घडीनं त्याचा अंगठा फोडला तेव्हा त्यानं साधं 'आई गं' केलं नाही. रुमाल गुंडाळला आणि म्हणाला, "असू दे, मुद्दाम नाही चावली." आता कुत्रीला कळावं तरी कसं?

तर त्या घडीला चार पिल्लं झाली. इस्त्रीच्या मोठ्या टेबलाखाली, जिथून गरम पाण्याचा पाइप जातो, तिथे. नावं दुकानातलीच पडली. गळ्याभोवती पांढरी ती कॉलर, सारखा कुणाच्या तरी पोटाखाली शिरणारा खिसा, गुळगुळीत राखाडी ते अस्तर, आणि सगळ्यात लहान, गोल, काळं कुळकुळीत ते बटण. घ्यायला माणसं चार लगेच तयार झाली, आणि कोण कुठलं घेणार यावरून काउंटरपुढे अशी जुंपली की वाफ बाहेर आली. तिनं फळीवरची चार टोकनं काढली, चौघांच्या हातात दिली, आणि त्याच नंबरच्या सुती पट्ट्या पिल्लांच्या गळ्यात बांधल्या. म्हणाली, "झालं भांडण? आता आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही." चौघांनी माना डोलावल्या. सतरा नंबर, म्हणजे बटण, हॉटेलच्या मॅनेजरच्या वाट्याला आलं. ज्या हॉटेलच्या चादरी आणि टेबलक्लॉथ रोज सकाळी गाडीतून येत आणि ज्यावर दुकानाचं अर्धं काम चाले, त्याच हॉटेलच्या.

टोकन देण्याची ही कल्पना कुणाची, असं नंतर तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पिल्लं जेमतेम महिन्याची झाली होती तेव्हाची गोष्ट. पाइपाचा सांधा गळला आणि टेबलाखाली पाणी झालं. तिनं चारही पिल्लं उचलली, हॉटेलच्या रिकाम्या टोपलीत घातली, आणि टोपली पुढे नेऊन दाराशी, उन्हात ठेवली. नेमकी पुढच्या दांडीखाली. मागची फरशी कोरडी केली, खळ संपली होती म्हणून "आलेच" म्हणून कोपऱ्यावर गेली.

परत आली तर टोपलीत तीन. घडी दार ते टोपली, टोपली ते दार अशा फेऱ्या घालत होती, आणि घशातून बारीक आवाज काढत होती. फळीवर सतरा नंबरच्या खिळ्याला टोकन लटकत होतं.

"बटण कुठाय?"

"गेलं," नवरा म्हणाला.

"गेलं म्हणजे?"

"मॅनेजर आले होते. टोकन दिलं. मी बघितलं, सतरा. गळ्यातली पट्टी बघितली, सतरा. दिलं."

"अहो, पिल्लू आहे ते. टेबलक्लॉथ नाही."

"तूच पुढे ठेवलं होतंस ना," तो म्हणाला. "पुढे असतं ते तयार असतं."

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातला निम्मा राग यासाठी की तो खोटं बोलत नव्हता. नियम तिचाच होता. तो तिनंच त्याच्या डोक्यात इतक्या वर्षांत पक्का बसवला होता, आणि आता तोच नियम शहाण्यासारखा तोंड करून तिच्यासमोर उभा होता. रागाला वाट मिळेना म्हणून तो दुप्पट झाला.

"अजून आईला लुचतंय ते. दात नीट फुटले नाहीत त्याला. कुणी आलं, हात पुढे केला, की द्यायचं? उद्या मला मागतील, मलाही द्याल कागदात गुंडाळून."

"तुझं टोकन नाही," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, ही त्यातली खरी गोम. मग तिचा चेहरा बघून समजूत घालायला म्हणाला, "चांगलं घर मिळालंय गं त्याला. एवढं मोठं हॉटेल."

चांगलं घर. हे दोन शब्द तिला कधीच सहन होत नसत. पायरीवर खोकं ठेवून गेलेल्यानंही मनात हेच म्हटलं असणार. ज्याला कुणाला एखादं पोर, एखादं जनावर अवेळी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं असतं, तो हेच म्हणतो आणि हात झटकतो. घर चांगलं असेल हो, पण त्या जिवाची तिथे जायची तयारी झाली का, हे कुणी विचारायचं?

ती तशीच एप्रनवर हॉटेलच्या मागच्या दाराशी गेली. दारवान म्हणाला, मॅनेजर बाहेर गेलेत, उद्या भेटतील. पिल्लाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. रात्रभर घडी दाराशी नाक लावून बसली. उरलेल्या तिघांना तिनं जवळ घेतलं, पण पाजताना कान दाराकडे. सकाळी गाडी आली तेव्हा वाफेनं गाडीवाल्याला सांगितलं, "आज रुमाल मी स्वतः पोचवते," आणि टोपली काखेत मारून निघाली. निघताना फळीवरून सतरा नंबरचं टोकन काढून एप्रनच्या खिशात टाकलं.

हॉटेलच्या पुढच्या बाजूला गालिचे आणि आरसे असतील. मागच्या बाजूला तळणाचा वास, ओली फरशी आणि अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला कपड्यांची खोली, छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर तिच्याच हातच्या घड्या. तिथली बाई तिला वर्षानुवर्षं ओळखत होती. तिनं कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं.

बटण रुमालांच्या चळतीवर पडलं होतं. गळ्यात नंबरच्या पट्टीवरून लाल रिबीन बांधलेली.

"कालपासून रडत होतं," बाई म्हणाली. "आता आवाज बसलाय. दूध दिलं तर पोट बिघडलं. पाव दिला तर नुसतं बघतंय. उचललं की चावतं, हे बघ माझं बोट. मालकांच्या मुलीचा उद्या वाढदिवस आहे, तिला भेट द्यायचंय म्हणे. मी म्हटलं मॅनेजरांना, हे फार लहान आहे. ते म्हणाले, लहानच गोड दिसतं."

वाफेनं पिल्लू उचललं आणि विचार न करता, रोजच्या सवयीनं, गालाला लावलं. गार लागलं.

इतक्यात मॅनेजर आला. वाईट माणूस नव्हता तो. दिवसभर कुणाकुणाला हो म्हणून दमलेला, चार ठिकाणी शब्द देऊन बसलेला असा माणूस. पण वाफेला त्या घटकेला त्याचं काही ऐकायचं नव्हतं.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? गाडी येते ना."

"आठ आठवडे म्हणाले होते मी. मान हलवली होतीत तुम्ही."

"अहो, वाढदिवस उद्या आहे. तो का आठ आठवडे थांबणार? आणि चार काय, आठ काय, इथे काय कमी आहे त्याला? चांगलं घर मिळतंय."

"पुन्हा म्हणू नका ते."

"मी काही चोरून नाही आणलं. टोकन दिलं, तुमच्या मिस्टरांनी माल दिला. आता तुमचा काय संबंध?"

तिनं खिशातून टोकन काढलं आणि इस्त्री केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "संबंध हा. कपडा अर्धवट असताना चुकून गेला तर आम्ही तो परत नेतो आणि टोकन परत देतो. ही आमच्या दुकानाची रीत आहे. नग तयार नव्हता. झाला की या."

"मावशी, मी मालकांना काय सांगू?"

"घाई केली म्हणून सांगा."

मॅनेजरचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "मग चादरींचंही बघा हं. कामं करणारे बरेच आहेत."

"मग द्या त्यांना," ती म्हणाली, आणि रिबीन सोडून खोक्यात टाकली, पिल्लू एप्रनमध्ये गुंडाळलं आणि बोळातून चालू लागली. दुकानाचं अर्धं काम तिनं एका वाक्यात घालवलं होतं, आणि हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर पोचली होती. तेव्हाही तिला वाईट वाटलं नाही. तिला अजून दोनचार गोष्टी बोलायच्या राहिल्या याचंच वाईट वाटलं.

एकच भीती होती. हॉटेलचा वास, रुमालांचा, दहा हातांचा वास लागलेलं हे पिल्लू घडी जवळ घेईल का? तिनं बटणाला टेबलाखाली ठेवलं आणि श्वास रोखून खाली बसली. नवराही काउंटर सोडून आला आणि दारात उभा राहिला. घडीनं पिल्लू नाकानं उलटंपालटं केलं, बराच वेळ हुंगलं, आणि मग कोपऱ्यातला मळका डाग काढावा तसं त्याला चाटून चाटून साफ करायला घेतलं. वाफेचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी बटण खेळायला उठलं. उठल्या उठल्या त्यानं कॉलरचा कान धरला आणि असा चावला की ती किंचाळली आणि उठून भिंतीकडे तोंड करून बसली. बटण नुसतं बघत राहिलं. मग खिशाकडे गेलं. तिथेही तेच. अस्तरकडे गेलं, तिथेही. खेळायला कुणी उरेना, तेव्हा मध्येच बसून राहिलं. मग हळूच कॉलरजवळ जाऊन तिचा तोच कान तोंडात धरला, पण या वेळी नुसता धरला. कॉलर वळली. खेळ पुन्हा सुरू झाला.

नवरा हातात डबा घेऊन हे बघत उभा होता. त्याचा घास हातातच राहिला होता.

"माझं पण असंच झालं होतं," तो म्हणाला.

काकांकडे वाढलो हे त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. पण नेहमी एखादी लॉटरी लागल्यासारखं. आज तो खाली टेबलाकडे बघत बोलत होता.

"काकांना मूल नव्हतं. आम्ही घरात पाच भावंडं. काका आले, आईनं माझे कपडे पिशवीत घातले. चार वर्षांचा असेन मी. सगळे म्हणाले, चांगलं घर मिळालं पोराला."

"मग?"

"मग काय. चांगलंच होतं. कुणी हात नाही लावला. पोटभर मिळायचं. मी पण त्रास दिला नाही कधी. त्रास दिला तर परत पाठवतील असं वाटायचं." त्यानं घास परत डब्यात ठेवला. "आणि परत पाठवावं, असंही वाटायचं. मग बसावं की निघावं, काही कळायचंच नाही. म्हणून उभा राहायचो दाराशी."

तिच्या हातातली इस्त्री हवेत राहिली. इतकी वर्षं ती या माणसाला स्टुलावर बसवायला धडपडत होती. अळणी, बावळट, दमट घडी, काय काय म्हणाली होती त्याला. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, लागलं तर 'लागलं' म्हणता येत नाही, म्हणून कितीदा चिडली होती. केकाटायचं असतं हे त्याला कुणी शिकू दिलं होतं? तिला त्या काकांचा राग आला, सासूचा आला, पिशवीत कपडे भरणाऱ्या त्या हातांचा आला, आणि 'चांगलं घर' म्हणणाऱ्या सगळ्या गावाचा आला. पण त्यातलं कुणी आता समोर नव्हतं. भांडायचं कुणाशी? शेवटी ती टेबलाखालच्या पाइपावर ओरडली, की हा गळका मेला कधी सुधारणार. नवरा घाबरून म्हणाला, "बोलावू का कुणाला? चालेल ना?" ती म्हणाली, "काही नको. जेवा तुम्ही." आणि पाठ फिरवून नाक पुसलं.

हॉटेलची गाडी यायची बंद झाली. सकाळ रिकामी झाली, तशी तिची जीभ मोकळी झाली, आणि सगळ्या गल्लीला त्याचा प्रसाद मिळाला. सलूनवाल्याकडे गेलेला बाक परत आला. नवरा तेवढ्याच शांतपणे टोकनं पुसत उभा असे. एक फरक पडला होता, तो तिनं पाहिला पण बोलून दाखवला नाही. दुकानात गर्दी नसली की तो मागे येई आणि टेबलापाशी वाकून पिल्लांकडे बघत राही.

सातवा आठवडा लागला तेव्हा पिल्लं दुकानभर धावू लागली होती. त्या दुपारी ती मागे एका पांढऱ्या शर्टावर इस्त्री फिरवत होती, आणि पुढून मॅनेजरचा आवाज आला.

"मास्तर, कसे आहात? हे टोकन. सतरा. आणि बाहेर गाडीत चादरी आणल्यात. म्हटलं, जुनी माणसं, कशाला तोडायचं? मालक रोज पिल्लाचं विचारतायत. मुलगी हट्ट धरून बसलीय."

वाफेनं दाराच्या फटीतून बघितलं. नशीब बघा. बटण नेमकं पुढच्या दांडीखाली, नवऱ्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपलं होतं. पुढे होतं. गळ्यात सतरा होतं. टोकन सतरा होतं. ती इस्त्री सोडून धावणार होती, तोंडसुद्धा उघडलं होतं, पण नवऱ्यानं टोकन उचललं आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं, म्हणून ती थबकली.

"नंबर बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग द्या."

नवऱ्यानं टोकन काउंटरवर ठेवलं आणि बोटानं हळूच परत सरकवलं.

"नग तयार नाही."

"मागच्या वेळी तर तुम्हीच दिलंत."

"मागच्या वेळी माझं चुकलं."

"अहो, पण आता काय कमी आहे त्याच्यात? धावतंय, खातंय."

नवऱ्यानं खाली बुटाकडे पाहिलं. "खेळता खेळता मध्येच मागे जातं ते," तो म्हणाला. "आई आहे का बघतं, आणि परत येतं. बघायला जायचं थांबलं, की द्यायचं."

"आणि चादरी?"

"चादरी तुमच्या आहेत. ठेवायच्या असतील तर ठेवा."

ती पुढच्या 'चालेल ना'ची वाट बघत राहिली. ते आलं नाही. मॅनेजर टोकन उचलून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, चादरी उतरल्याचा आला नाही.

मग तिला जळका वास आला. ती वळली तर इस्त्री शर्टावर पालथी पडलेली, पाठीवर तांबूस मोठा डाग. इतक्या वर्षांत तिनं एक कपडा जाळला नव्हता. कुणी जाळला असता तर तिनं त्याला या गल्लीत राहू दिलं नसतं. ती शर्ट हातात धरून उभी राहिली, आणि कुणावर तापावं ते तिला सुचेना.

वास येऊन नवरा मागे आला. त्यानं तिच्याकडे बघितलं, डागाकडे बघितलं, आणि शर्ट तिच्या हातातून काढून घेतला.

"ह्याचं मी सांगतो गिऱ्हाइकाला," तो म्हणाला. मग त्यानं फळीवरचा आपला डबा काढला, टेबलाखालचं स्टूल पायानं ओढलं आणि बसून जेवायला लागला.